सिग्वार्टचा खडक

"मागून मिळतं ते नाव नव्हे," असं हार्टविक ओलाउसेन आयुष्यभर म्हणत आला. कुणी नवी होडी पाण्यात उतरवली आणि काय नाव ठेवू म्हणून चार लोकांना विचारत फिरला, की हार्टविक हे म्हणायचा. कुणाला बेटावरच्यांनी एखादं चिडवायचं नाव लावलं आणि तो रडकुंडीला येऊन दुसरं नाव द्या म्हणाला, तरी हेच. पुढे ते वाक्य त्याच्या तोंडचं न राहता त्याच्या अंगावरच्या लोकरी सदऱ्यासारखं झालं होतं. ते नसलेला हार्टविक आम्हाला ओळखूच आला नसता.

स्कार्वेर म्हणजे आमची बेटं. दूर उत्तरेला हेल्गेलांडचा किनारा जिथे संपतो आणि पुढे नुसतं पाणी उरतं, तिथे ती होती. म्हणजे अजूनही आहेत, पण माणसं नाहीत. तीन बेटांवर मिळून अकरा घरं, एक शाळेची खोली, एक धक्का आणि भोवती शेकड्यांनी खडक. काही डोकं वर काढून बसलेले, काही ओहोटीला पाठ दाखवणारे आणि काही कधीच न दिसणारे. त्या प्रत्येकाला नाव होतं. शहरातल्या माणसाला जसे गल्ल्याबोळ, तशी आम्हाला ती नावं. धुक्यात वडील मुलाला म्हणत, हंड्याच्या डावीकडून जा, दोन्ही बहिणी मागे टाक, मग लग्नाच्या खाचेत शीर. एवढ्यावर मूल घरी यायचं.

आमच्या किनाऱ्याचं मोठं नाव कुठून आलं यावर मात्र शिकलेल्यांचं एकमत नव्हतं. शाळामास्तर सांगत, पूर्वी याला हालोगालांड म्हणत आणि ज्वाळेच्या नावाचा कोणी राजा होता त्याच्यावरून ते पडलं. पाद्री म्हणत, छे, पवित्र भूमी म्हणून. एकदा धक्क्यावर दोघांची चांगलीच जुंपली. हार्टविक मासे साफ करत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुम्ही दोघे भांडताय खरे, पण ज्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं ते काही तुमच्यासारखे विचार करत बसले नसतील. कुणीतरी म्हटलं, दुसऱ्याने ऐकलं, झालं नाव."

नावांच्या बाबतीत आमच्याकडे दोन रिवाज होते. ते सांगितल्याशिवाय हार्टविकची गोष्ट सांगता येत नाही.

पहिला असा, की ज्या खडकावर माणूस जातो त्या खडकाला त्याचं नाव लागतं. पण ते शेजारच्यांनी लावायचं. ज्या घरचा माणूस गेला त्या घराने नाही. आपल्या दुःखाला आपणच खडक मागायचा नसतो, अशी समजूत.

दुसरा असा, की ज्याला समुद्राने परत दिलं नाही, ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याचं नाव त्याच्या घरच्यांसमोर काढायचं नाही. ते स्वतः काढतील तेव्हाच आपण काढायचं. बेटावरच्याच रागनाच्या आजीचा नवरा पेडर असाच गेला होता. नऊ वर्षं कोणी तिच्यासमोर अक्षर काढलं नाही. मग एके सकाळी पातेलं ढवळता ढवळता आजी खिडकीतून बघून म्हणाली, "पेडरच्या खडकावर फार फेस आलाय ग." घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. तिच्याही कानावर ते नाव कुठूनतरी पडलं असणार. बहुधा असंच व्हायचं. एखादं लहान मूल बोलून जायचं, भिंतीआडून ऐकू यायचं, आणि गाठ सुटायची.

हार्टविकच्या घरी ती सुटली नाही.

सिग्वार्ट हा हार्टविक आणि ओलुफिने यांचा एकुलता मुलगा. तो आणि मी एकाच वर्षाचे. चर्चमधली दीक्षा आम्ही एकाच बाकावर बसून घेतली. त्याचे पाय लांब, म्हणून गुडघे समोरच्या बाकाला टेकायचे आणि पाद्री डोळे वटारायचे. त्याला शीळ घालता यायची नाही आणि आपल्याला येते असं त्याला वाटायचं. सदतीस सालच्या जानेवारीत तो एकवीस वर्षांचा होता.

त्या दिवशी हार्टविकच्या हाताला गळ लागून हात भोपळ्यासारखा सुजला होता. बाहेरच्या पाण्यात टाकलेली गळांची दोरी ओढून आणायची होती. "मी जातो, तुम्ही हाताला दूध-पावाचं पोटीस बांधा," म्हणून सिग्वार्ट एकटाच गेला. हिवाळ्यातला दुपारचा तो दोन-तीन तासांचा निळा उजेड होता, वाराही बेताचा. येताना बर्फ आलं. आमच्याकडे बाहेरून आत शिरायची खूण अशी होती, की हार्टविकच्या होडीघराच्या छपरावर मागच्या किनाऱ्यावरच्या घोड्याच्या डोंगराची पाठ बरोबर बसली पाहिजे. ती तशी बसली की वळायचं, म्हणजे आंधळा खडक डाव्या हाताला राहतो. तो खडक कधीच दिसायचा नाही, म्हणून आंधळा. बर्फात डोंगर गेला आणि होडीघरही गेलं. हार्टविक होडीघराच्या दारात उभा राहून शिंग फुंकत होता. ओठ फुटून रक्त आलं तरी फुंकत होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो. एकदा आम्हाला उत्तर आल्यासारखं वाटलं. ते उत्तर होतं की पाणकावळा, हे आम्ही दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंधळ्या खडकाच्या आडोशाला होडी उपडी सापडली. वल्ही सापडली, एक हातमोजा सापडला. सिग्वार्ट सापडला नाही.

वसंत येईपर्यंत साऱ्या स्कार्वेरवर त्या खडकाला सिग्वार्टचा खडक म्हणू लागले. कुणी सुरू केलं सांगता येत नाही. मीही म्हणू लागलो. "सिग्वार्टच्या खडकावर आज पांढरं दिसतंय, लाटा फुटताहेत, नको जाऊस." "सिग्वार्टच्या खडकाबाहेर चांगले मासे आहेत." बोलत असताना हार्टविक कोपऱ्यावरून वळला की आम्ही वाक्य तिथल्या तिथे फिरवायचो. "तिकडे पांढरं दिसतंय." "तिकडे चांगले मासे आहेत." त्यात आम्ही इतके तरबेज झालो की अडखळणंही थांबलं. मुलांना आम्ही दटावून ठेवलं होतं. माझी थोरली मुलगी चार वर्षांची असतानाच हार्टविकच्या दाराशी गेली की ओठ मिटून घ्यायची. आम्हाला वाटायचं, आपण किती जपतोय त्यांना.

आता हार्टविकच्या मनात काय होतं ते सांगतो. हे मला फार उशिरा कळलं. पण तुमच्यापासून ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मुलाला थडगं नव्हतं, दगड नव्हता. हार्टविकला एवढंच हवं होतं, की आमच्यातल्या कुणीतरी एकदा त्या खडकाला सिग्वार्टचा म्हणावं. स्वतः तो म्हणू शकत नव्हता, तो रिवाज नव्हता. मागणं त्याच्याने होणार नव्हतं. तो वाट बघत राहिला. धक्क्यावर आमच्यात येऊन बसायचा, पाण्याकडे बघायचा आणि ऐकायचा. आम्ही "तिकडे" म्हणायचो, आणि भिंतीआडूनही ते नाव कधी त्याच्या कानावर पडलं नाही. त्याने त्यातून काय अर्थ काढला? लोकांनी आपल्या मुलाला खडकाच्याही लायकीचं धरलं नाही. वर्षं गेली तसा तो अर्थ त्याच्यात घट्ट बसला. मग तो आमच्यात कमी बसू लागला आणि आम्ही म्हटलं, वय झालं.

ओलुफिने एक्कावन्न सालच्या मे महिन्यात गेली आणि तिला मुख्य किनाऱ्यावरच्या चर्चपाशी पुरलं. ती दर वसंतात मऊ पिसं देणाऱ्या एडर बदकांसाठी दगडांच्या घरट्यांतून वाळलेलं समुद्रशेवाळ पसरायची आणि बदकं तिला आपल्या अंगाखालून अंडी काढू द्यायची. ती आजारी असताना बदकं आली होती. हार्टविक एकटाच गुडघ्यांवर बसून शेवाळ पसरत होता आणि नीट जमत नव्हतं. मी मदतीला गेलो. "तुला जमेल म्हणून मला जमणार नाही असं नाही," म्हणाला. मी परत आलो.

मग अठ्ठावन्न साल आलं. तोवर मुख्य किनाऱ्यावर जायचं सगळ्यांचं ठरल्यात जमा होतं. शाळेत तीन मुलं उरली होती. सगळी घरं एकदम हलली तर सरकार हात देणार होतं. एक जरी घर मागे राहिलं तर नाही. त्या उन्हाळ्यात नकाशा कचेरीचा माणूस आला. हालस्टेन नाव. ट्रोंडहेम शहरातला, तिशीच्या आतला, नव्या रबरी बुटांतला. नवा नकाशा निघणार होता आणि माणसं उठायच्या आत नावं गोळा करायची होती. जुन्या नकाशात आमच्या पाण्यातली फक्त नऊ नावं होती, आणि त्यातली चार कुठल्या डेन्मार्कच्या कारकुनाने कुठून आणली ते आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं.

रागनाच्या स्वयंपाकघरात मोठ्या टेबलावर कागद पसरला. रागनाकडे टपाल आणि लहानसं दुकान होतं, त्यामुळे सगळं तिथेच व्हायचं. आणि जिभेच्या बाबतीत ती कुणाला हार जायची नाही.

"बूट काढा," ती हालस्टेनला म्हणाली. "समुद्र मोजायचाय, माझी फरशी नाही."

नावं सांगायला अर्थात हार्टविक. सत्त्याहत्तर वर्षांचा. बशीत कॉफी ओतून, दातांत साखरेचा खडा धरून, त्याने चार दिवस नावं सांगितली. मी पंचाहत्तर नावं सांगू शकलो असतो. तो दोनशे बारा सांगू शकला. प्रत्येकाबरोबर थोडी हकिकत. लग्नाच्या खाचेत वऱ्हाडाची होडी ओहोटीला अडकली आणि नवरीने तिथेच पहिलं भांडण काढलं. हंड्यावर कुणाचा तरी तांब्याचा हंडा पडला, तो अजून खाली आहे.

"आणि हा?" हालस्टेनने कागदावर पेन्सिल टेकली.

"पाद्र्याचं ढुंगण," हार्टविक म्हणाला.

पेन्सिल थांबली. "हे... हे नाव आहे?"

"पाद्रीबुवांनी नावाड्याशी वाद घातला. नावाड्याने त्यांना तिथे उतरवलं. भरती येईपर्यंत बसले होते."

"लिहू?"

"लिहा की हो," रागना चुलीजवळून म्हणाली. "पाद्री कधीचा गेला, ढुंगण तेवढं राहिलंय."

हालस्टेन लाजला, पण त्याने लिहिलं. चांगला मुलगा होता. त्याचा नियम असा, की एकाने नाव सांगितलं की दुसऱ्या घरच्या माणसाने हो म्हणायचं, तरच शाईने लिहायचं. दुसरं घर म्हणून मी आणि रागना बसलो होतो. तीन दिवस आम्ही हो हो म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेन्सिल होडीघराच्या बाहेरच्या पाण्यात आली. मला ती येताना दिसत होती. मी रागनाकडे बघितलं. ती कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"इथे पाण्याखाली एक आहे," हालस्टेन म्हणाला. "जुन्या नकाशात नुसती फुली आहे. याला काय म्हणता?"

हार्टविकने बशी खाली ठेवली. तोंडातला साखरेचा खडा काढून बशीत ठेवला. मग तो आमच्याकडे वळला. त्याची नजर मला आजही दिसते. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, मी भलतंच वाचलं.

"तीन दिवस मीच बोलतोय," तो म्हणाला. "हा एक तुम्ही सांगा. आर्न्ट, तू सांग."

तुम्हाला सांगतो, नाव माझ्या जिभेवर होतं. दुसरं कुठलं नावच तिथे नव्हतं. एकवीस वर्षं त्या खडकाला मी दुसरं काही म्हटलं नव्हतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्याच्याने ते उच्चारवत नाही, म्हणून त्याने माझ्यावर सोपवलं. मी सांभाळून घ्यावं म्हणून. मला वाटलं, तो माझी विनवणी करतोय.

"आंधळा खडक," मी म्हणालो.

"आंधळे खडक माझ्याकडे या किनाऱ्यावर आधीच अकरा झालेत," हालस्टेन हसून म्हणाला. "याला दुसरं काही नाव? लोक आपसात काही म्हणत असतील?"

"नाही," रागना म्हणाली. इतक्या जोरात, की भांड्यातली कॉफी सांडली. "दुसरं काही म्हणत नाहीत."

हार्टविकने बशी दूर सारली. मग त्याने मान हलवली. "लिहा," म्हणाला. "दोन घरांनी सांगितलं." आणि होडीत पाणी साचलं असेल, उपसून येतो म्हणून उठला. उरलेली सोळा नावं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितली. पण हकिकती सांगितल्या नाहीत. नुसती नावं.

हालस्टेनला मी मोठ्या बेटाच्या बोटीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्याने विचारलं, "त्या एका खडकाचं काहीतरी होतं, नाही?"

"होतं," मी म्हणालो. "पण बाप जिवंत असताना ते कागदावर नको. त्याला रोज बघावं लागेल."

त्याने वही मिटली. समंजसपणे मिटली. मला बरं वाटलं. घरी येऊन मी बायकोला म्हटलंसुद्धा, आज मी हार्टविककाकाचं एक काम केलं.

साठ सालच्या शरदात आम्ही बेटांवरून उठलो. काही घरं फळी फळी सोडवून होड्यांवर घालून नेली. हार्टविकचं रिकामं घर तिथे तसंच उभं राहिलं. मुख्य किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला आम्हाला जागा मिळाल्या. रागनाने पुन्हा दुकान काढलं. हार्टविक दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला आला. तिथून समुद्र दिसत नव्हता, खाडीचं शेवाळलेलं टोक दिसायचं. तो खिडकीत बसत नसे. "काय बघायचं त्यात? ते तर बादलीत पण असतं," म्हणायचा.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नकाशा आला. पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला, हालस्टेनच्या चिठ्ठीसकट: हा ओलाउसेन यांचा आहे. मी तो रागनाच्या टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर मासळीचे डबे ठेवले. निळ्या पाण्यात बारीक काळ्या अक्षरांत सगळं होतं. हंडा, दोन्ही बहिणी, लग्नाची खाच, पाद्र्याचं ढुंगणसुद्धा.

"काका, बघा," मी म्हटलं. "तुमचं सगळं आहे."

हार्टविकने चष्मा लावला. बोट कागदावर ठेवलं आणि वल्हवत निघाल्यासारखं हळूहळू फिरवलं. होडीघरापाशी आलं. तिथून बाहेर गेलं. थांबलं.

"सगळं नाही," तो म्हणाला.

त्याने बोट तिथून काढलं नाही.

"तुम्हाला दोष देत नाही. दिलं नाही तुम्ही, नाही दिलं. त्याच्यात काही असेल, नसेल, लोकांना वाटतं तसं वाटतं. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, निदान आर्न्ट... एका बाकावर बसलेला पोरगा. मी त्याच्यावर सोडलं होतं."

मला समजायला वेळ लागला. रागनाला नाही लागला. तिने हातातला फडका टेबलावर आपटला.

"काय बोलतोस तू हार्टविक? काय नाही दिलं?"

"खडक."

"अरे देवा, अरे म्हाताऱ्या! साऱ्या बेटावर दुसरं नाव कुणाला माहीत होतं? पहिल्या वसंतापासून! माझ्या घरात, याच्या घरात, शाळेत! मास्तर बदलून आले तेही आठ दिवसांत शिकले! तुझ्यासमोर तेवढं म्हणायचं नाही म्हणून पोरांना चिमटे काढलेत मी!"

"काय म्हणत होते?" हार्टविकने विचारलं. त्याचा आवाज फार हळू होता.

आता तिच्याच्याने म्हणवेना. चोवीस वर्षांची सवय. ती माझ्याकडे बघू लागली.

"सिग्वार्टचा खडक," मी म्हणालो.

तो खुर्चीत मागे टेकला. बाहेरून एक ट्रक गेला आणि मासळीचे डबे किणकिणले.

"ओलुफिनेने मला विचारलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात. लोक म्हणतात का रे त्याला आपल्या पोराचा? मी म्हटलं, म्हणतात. सगळे म्हणतात. दहा वर्षं मी झोपताना हेच घेऊन झोपतोय, की मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो." मग त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे ते खोटं नव्हतं."

"नव्हतं," रागना म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

मी त्याच दिवशी कचेरीला पत्र लिहिलं. मला पत्रं लिहिता येतात, चारच यत्ता झाल्या असल्या तरी अक्षर चांगलं आहे. चूक माझी आहे, नाव सांगणारा मीच होतो, खरं नाव असं असं आहे, अकराही घरांची मोठी माणसं खाली सह्या करत आहेत. ती माणसं सहा गावांत पांगली होती. सायकलवरून हिंडून मी सह्या आणल्या. कुणी नाही म्हटलं नाही. दोघी बायका सही करताना रडल्या. हार्टविकला मी काही विचारलं नाही, कारण त्याने हो म्हटलं असतं तर ते मागणं झालं असतं.

जूनमध्ये उत्तर आलं. हालस्टेनचं नव्हतं, त्याची दुसरीकडे बदली झाली होती. मी ते रागनाच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. सभ्य भाषा होती. लिहिलं होतं, नकाशात तेच नाव घेतलं जातं जे तिथे राहणाऱ्यांच्या बोलण्यात आज आहे. ती बेटं आता निर्मनुष्य असल्याने आज बोलण्यात काय आहे याची खात्री करून घेता येत नाही. सबब, नोंद आहे तशी ठेवण्यात येत आहे.

"गाढवं!" रागना म्हणाली. "मी जाते तिकडे. मी त्या खडकावर बसते आणि ओरडते. मग करा म्हणावं खात्री."

"बरोबर लिहिलंय त्यांनी," हार्टविक म्हणाला. "म्हणायला कोणी नाही, तर नाव कुठलं?"

"आम्ही आहोत की काका," मी म्हणालो.

"आहात. इथे आहात. तिकडे पांढरं दिसतंय की नाही, हे इथे तू कुणाला सांगणार?"

मी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. हार्टविकने आपली टोपी उचलली. तो दाराशी गेला आणि मूठ धरून थांबला.

"मला एक सांगा. मी नसताना तुम्ही ते कसं म्हणायचात?"

"कसं म्हणजे?"

"कसं म्हणजे कसं. तोंडासमोर म्हटलंत ते ऐकलं मी. ते तोंडासमोरचं झालं. मी नसताना. आपसात." त्याने दार उघडलं. "मी बाहेर उभा राहतो. मी नाही असं समजा."

आणि तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. पूर्ण नाही. बोटभर फट ठेवली.

आम्ही दोघे टेबलाशी बसलो. मी पंचेचाळिशीचा माणूस, ती साठीची बाई, आणि आम्हाला बोलता येईना. कानकोंडे झालो होतो. रागनाने फडका घेतला आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली. पुसता पुसता तिचा आवाज फुटला. तो तिचा धक्क्यावरचा आवाज होता, खेकसणारा.

"आज बाहेर जाणार आहेस का रे, मेल्या?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो काय? डोळे फुटले का? सिग्वार्टच्या खडकावर पांढरं दिसतंय सकाळपासून."

"ते काय, वारा पडला की बसेल. सिग्वार्टच्या खडकाबाहेर परवा केवढे मासे होते."

"मासे होते म्हणे. तुझ्या बापालाही तिथे मासेच दिसायचे. आडून जा म्हणजे झालं. घोड्याची पाठ छपरावर बसली की वळ, सिग्वार्टचा डाव्या हाताला ठेव, आणि येताना माझा हंडा घेऊन ये, तुझ्या बायकोने नेलाय तो."

"आणतो," मी म्हणालो. "पण आधी सिग्वार्टच्या..." आणि मला पुढचं येईना.

रागनाने फडका तोंडाला लावला. आम्ही थांबलो. दारामागे काही हललं नाही. मी हळूच म्हटलं, "काका?"

उत्तर आलं नाही, म्हणून मी उठून दार उघडलं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. हार्टविक रस्त्याला लागला होता. खाडीकडे नाही, वरच्या बाजूला, चर्चच्या चढाकडे, जिथे ओलुफिने आहे. टोपी त्याने हातातच धरली होती. दूधगाडीवाला समोरून आला, त्याने भोंगा वाजवला. हार्टविक कडेला झाला आणि गाडी जाऊ दिली आणि पुन्हा रस्त्याच्या मधून चालू लागला. रागना माझ्या मागे येऊन उभी राहिली. चढ लांब आहे आणि सरळ आहे, त्यामुळे तो आम्हाला बराच वेळ दिसत होता. आम्ही दोघांनी तो वळेपर्यंत बघितलं.